जुन्या नावाची नवी किंमत

एखादी वस्तू बाजारात येते तेव्हा ग्राहक तिच्या गुणाचे दाम मोजतो की तिच्या नावाचे, हा अर्थशास्त्रातील जुना आणि पुरतेपणी न सुटलेला प्रश्न आहे. साबण किंवा चहा यांच्या बाबतीत तो जाहिरातदारांवर सोपवून मोकळे होता येते. परंतु वस्तू संगीताची असली, तिचे कर्ते साठीच्या घरात पोचलेले असले आणि अठ्ठावीस वर्षांत त्यांनी नव्या गाण्यांची एकही पूर्ण ध्वनिमुद्रिका काढलेली नसली, तर त्या प्रश्नाला बगल देता येत नाही. ‘ईगल्स’ या अमेरिकन वाद्यवृंदाने ३० ऑक्टोबर २००७ रोजी प्रसिद्ध केलेल्या ‘लाँग रोड आउट ऑफ ईडन’ या ध्वनिमुद्रिकेने तो फार ठसठशीतपणे पुढे आणला. पहिल्या आठवड्यात एकट्या अमेरिकेत तिच्या ७ लाख ११ हजार प्रती खपल्या. या आकड्याचे अर्थ त्या वेळी नाना प्रकारे लावले गेले. श्रोत्यांनी नव्या गाण्यांना भरभरून कौल दिला, हा त्यांतला सर्वांत सोयीचा अर्थ. आणि नेमका तोच सर्वांत कच्चा आहे.

या वृंदाची पूर्वपीठिका थोडक्यात ध्यानात घेतली पाहिजे. लिंडा रॉनस्टॅट या गायिकेच्या साथीला जमलेल्या वादकांतून १९७१ मध्ये लॉस एंजेलिस येथे त्याचा उदय झाला. डेट्रॉइटचा ग्लेन फ्रे, टेक्ससमधील एका लहान गावातून आलेला डॉन हेन्ली, आणि त्यांच्या जोडीला बर्नी लेडन व रँडी माइस्नर असे हे मूळचे चौघे. अमेरिकेच्या ग्रामीण भागातील ‘कंट्री’ गाण्याचा साधेपणा, त्यातील बँजो व अनेक कंठांचा मेळ, आणि त्याला शहरी रॉक संगीताचा विजेचा ठेका, हा संयोग त्यांच्यापूर्वीही काहींनी करून पाहिला होता; पण घराघरांत पोचवला तो यांनीच. १९७६ च्या फेब्रुवारीत त्यांच्या निवडक गाण्यांचा संग्रह निघाला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात ‘हॉटेल कॅलिफोर्निया’. या दुसऱ्या नावाची ओळख मराठी वाचकाला करून देण्याची गरज नाही. इंग्रजी गाण्यांशी फारसा संबंध नसलेल्या घरातील मुलानेही गिटार हाती घेतली की ती सुरावट वाजवून पाहावी, असा पुण्यामुंबईच्या महाविद्यालयांत दीर्घकाळ प्रघातच होता. १९७९ मध्ये ‘द लाँग रन’ आली. पुढच्या वर्षी जुलैच्या अखेरीस लाँग बीच येथील एका कार्यक्रमात गाणी चालू असतानाच ग्लेन फ्रे आणि गिटारवादक डॉन फेल्डर एकमेकांना दमदाटी करीत होते, आणि तेथे हा संसार मोडला.

१९९४ मध्ये तो पुन्हा जुळला तो मुख्यतः रंगमंचावर. त्याला निमित्त झाले ते कंट्री संगीतातील नामवंतांनी ईगल्सच्या गाण्यांना वाहिलेल्या ‘कॉमन थ्रेड’ या १९९३ च्या ध्वनिमुद्रिकेचे. तिच्यातील एका गाण्याच्या चित्रफितीसाठी ही रुसलेली मंडळी एकत्र आली होती. नंतरच्या दौऱ्यात तिकिटाची किंमत शंभर डॉलरच्या वर गेली. त्या काळी ही रक्कम लोकांना धक्का देणारी होती. तरीही प्रेक्षागृहे भरली. सोबत निघालेल्या ध्वनिमुद्रिकेत नवी म्हणावीत अशी गाणी होती अवघी चार. म्हणजे ही पुनर्भेट वादनाची होती, निर्मितीची नव्हती. हिशेबाचे भांडण तर संपलेच नव्हते. वृंदाच्या नावाने जी कंपनी होती तिचे फ्रे, हेन्ली व फेल्डर हे तिघे भागधारक. दौऱ्यांच्या उत्पन्नात फ्रे आणि हेन्ली यांना मोठा वाटा हवा होता. २००१ मध्ये फेल्डरची गच्छंती झाली, प्रकरण न्यायालयात गेले आणि २००७ मध्ये न्यायालयाबाहेर मिटले. त्याच वर्षी उरलेल्या चौघांची, म्हणजे फ्रे, हेन्ली, जो वॉल्श आणि टिमथी श्मिट यांची, ही नवी ध्वनिमुद्रिका बाजारात आली. योगायोग असा की, ती निघाली त्या दिवशीच श्मिट साठ वर्षांचा झाला.

अडत्याला वगळले, दुकानदार राहिला

ध्वनिमुद्रिकेतील गाण्यांइतकीच, कदाचित त्यांहूनही अधिक, चर्चा तिच्या विक्रीच्या रीतीची झाली. अमेरिकेत ती वृंदाच्या स्वतःच्या संकेतस्थळाखेरीज केवळ वॉल-मार्ट आणि तिच्याच मालकीच्या सॅम्स क्लब या दुकानांतून मिळणार होती. दोन तबकड्यांच्या या संचाची किंमत ठेवण्यात आली ११ डॉलर ८८ सेंट, म्हणजे तेव्हाच्या मानाने स्वस्तच. मधली रेकॉर्ड कंपनी या सौद्यात नव्हतीच.

हा बदल किती मोठा होता हे समजण्यासाठी रूढ व्यवस्था पाहावी लागते. रेकॉर्ड कंपनी कलावंताला आगाऊ रक्कम देते, ध्वनिमुद्रणाचा व जाहिरातीचा खर्च करते, हा खर्च बव्हंशी कलावंताच्याच मानधनातून वसूल करते आणि एवढे करून मूळ मुद्रणाची मालकी सामान्यतः स्वतःकडे राखते. शेतकऱ्याला हंगामापूर्वी उचल देऊन पीक आपल्याच गाळ्यावर आणायला लावणाऱ्या अडत्याची आठवण येथे कोणालाही व्हावी. या व्यवस्थेशी डॉन हेन्लीचा झगडा जुना होता. १९९९ मध्ये अमेरिकी कायद्यात गुपचूप घुसवण्यात आलेल्या एका दुरुस्तीने ध्वनिमुद्रण हे कंपनीने मोलाने करवून घेतलेले काम ठरू पाहत होते, आणि मग काही वर्षांनी हक्क परत मागण्याची कलावंताची वाटच बंद झाली असती. ती दुरुस्ती २००० मध्ये रद्द झाली. त्यासाठी लढलेल्यांत हेन्ली अग्रभागी होता आणि त्याच सुमारास शेरिल क्रो या गायिकेबरोबर त्याने ध्वनिमुद्रण करणाऱ्या कलावंतांची संघटनाही उभारली होती.

अशा माणसाने अडत्याला बाजूला सारून थेट दुकानदाराशी व्यवहार केला, हे सुसंगतच म्हणावे लागेल. प्रश्न दुकानदार कोण हा होता. याच शेरिल क्रोची १९९६ ची ध्वनिमुद्रिका वॉल-मार्टने विकायला नाकारली होती, कारण तिच्यातील एका गाण्यात या दुकानांतून होणाऱ्या बंदुकांच्या विक्रीवर बोट ठेवले होते. पालकांसाठी इशारा छापलेली ध्वनिमुद्रिका हे दुकान ठेवत नसे. कामगार संघटनांशी त्याचे वैर सर्वश्रुत. त्याच्या आगमनाने गावोगावचा किरकोळ व्यापार बसतो, हीही तक्रार जुनीच. हेन्लीची बाजू अशी की, वॉल-मार्ट पर्यावरणाच्या प्रश्नाकडे लक्ष देऊ लागली आहे, आणि दुष्टपणाच म्हणाल तर ती मोठ्या रेकॉर्ड कंपन्यांना मागे टाकू शकणार नाही. पहिल्या मुद्द्याविषयी शंका घ्यायला जागा आहे. दुसरा अनुभवाचा असल्याने त्यावर वाद घालणे कठीण आहे.

विसंगती खरी दिसते ती गाण्यांच्या आशयाशी. दहा मिनिटांहून अधिक चालणारे शीर्षकगीत इराकच्या वाळवंटातील सैनिकापासून निघून साम्राज्याच्या मदापर्यंत आणि उपभोगात बुडालेल्या समाजापर्यंत जाते. आणखीही एकदोन गाण्यांत हव्यासाची, सवंग प्रसिद्धीची आणि विचारशून्य राजकारणाची झाडाझडती आहे. पहिलेच गीत जॉन हॉलंडर या कवीच्या, नष्ट होणाऱ्या अरण्याविषयीच्या कवितेवर बेतलेले. थोरोच्या वॉल्डनच्या रानासाठी १९९० पासून संस्था चालवणाऱ्या हेन्लीला ते शोभणारेच होते. उपभोगवादावरचा हा अभियोग जगातील सर्वांत मोठ्या किरकोळ दुकानाच्या फळीवरून, पायमोजे आणि न्याहारीच्या डब्यांच्या शेजारून, स्वस्त दरात विकला गेला. यात ढोंग पाहणाऱ्यांची संख्या कमी नव्हती. तथापि ढोंग म्हणून विषय संपवण्यापेक्षा हे पाहणे अधिक उपयोगाचे ठरेल की, २००७ साली गायकापुढे पर्याय कोणते होते.

ते वर्ष या धंद्याच्या दृष्टीने विलक्षणच होते. टॉवर रेकॉर्ड्स ही अमेरिकेतील प्रख्यात दुकानमालिका आदल्याच वर्षी दिवाळखोरीत निघून बंद झालेली. ‘रेडिओहेड’ने ऑक्टोबर २००७ मध्ये आपली नवी ध्वनिमुद्रिका संकेतस्थळावर ठेवून किंमत ठरवण्याचे काम श्रोत्यावरच सोपवले. प्रिन्सने जुलैत ब्रिटनमधील एका रविवारच्या वृत्तपत्राबरोबर आपली ध्वनिमुद्रिका फुकट वाटली. मडोनाने जुन्या कंपनीला सोडचिठ्ठी देऊन कार्यक्रमांचे आयोजन करणाऱ्या कंपनीशी करार केला. ज्याचे नाव मोठे तो प्रत्येक जण जुन्या घरातून बाहेर पडण्याचा दरवाजा शोधीत होता. ईगल्सने शोधलेला दरवाजा त्यांतला सर्वांत कमी क्रांतिकारक आणि, पैशाच्या हिशेबाने, बहुधा सर्वांत पक्का होता.

मोजपट्टी कोणाच्या सोयीची?

विक्रीचा आकडा येताच एक मजेदार पेच उभा राहिला. एकाच दुकानात मिळणाऱ्या ध्वनिमुद्रिकांना ‘बिलबोर्ड’ साप्ताहिकाच्या मुख्य यादीत स्थान नसे. त्या नियमाप्रमाणे त्या आठवड्याचा पहिला क्रमांक ब्रिटनी स्पिअर्सच्या ‘ब्लॅकआउट’ला मिळायचा, तिच्या २ लाख ९० हजार प्रती खपल्या होत्या. तिच्या अडीचपट खपलेली वस्तू यादीतच नाही, हे दृश्य हास्यास्पद दिसले असते. म्हणून यादी प्रसिद्ध होण्याच्या बेतात असतानाच नियम बदलण्यात आला, ईगल्स पहिल्या क्रमांकावर आले आणि स्पिअर्स दुसऱ्यावर गेली. नियम चुकीचा होता हे मान्य केले तरी तो कोणासाठी आणि कोणत्या क्षणी बदलला गेला, याची नोंद घेतलीच पाहिजे. एखाद्या अनोळखी गायकाने गावातील एकाच दुकानातून आपल्या तबकड्या विकल्या असत्या, तर त्याच्यासाठी कोणी रात्रीतून मोजपट्टी बदलली नसती. निर्देशांक हे वस्तुस्थितीचे आरसे असतात, असा जो समज आहे त्याला येथे तडा जातो. तोलणाऱ्याला तराजू बदलायला लावण्याइतके बळ ज्या मालाकडे असते, त्याची गणना काटेकोर होते. इतरांची होतेच असे नाही.

हा खप वॉल-मार्टने घडवून आणला, असा निष्कर्ष काही जणांनी काढला. तो टिकत नाही. ब्रिटनमध्ये हीच ध्वनिमुद्रिका कोणत्याही एकाधिकाराविना, नेहमीच्या कंपनीमार्फत, सर्वसामान्य दुकानांतून विकली गेली आणि तेथेही ती पहिल्या क्रमांकावर पोचली. म्हणजे मागणी आधीच होती. वॉल-मार्टने तिला फक्त आपल्या दारातून यायला लावले. दुकानाचाही यात स्वार्थ उघड होता. तबकडी घ्यायला आलेला माणूस रिकाम्या हाताने परतत नाही, आणि १९७६ मध्ये वीस वर्षांचा असलेला माणूस २००७ मध्ये एक्कावन्न वर्षांचा, संसारी आणि खर्च करू शकणारा ग्राहक झालेला होता. गाणी संगणकावर उतरवून घेण्याची सवय त्याच्या मुलांना लागली होती. त्याला अजून हातात धरता येईल अशी वस्तू हवी होती. अमेरिकेत २००७ च्या उरलेल्या दोन महिन्यांत या संचाच्या सुमारे २६ लाख प्रती गेल्या आणि त्या वर्षीच्या सर्वाधिक खपाच्या पहिल्या तीन ध्वनिमुद्रिकांत तिची गणना झाली.

मग श्रोत्यांनी तिचे नेमके काय केले? या प्रश्नाचे उत्तर खपाच्या आकड्यात मिळत नाही. समीक्षकांचे मत दुभंगलेले होते. वीस गाणी, नव्वद मिनिटे, एका तबकडीत न मावणारा हा पसारा. यांतील निम्मी गाणी गाळली असती तर उरलेली ध्वनिमुद्रिका उत्तम ठरली असती, असा सूर अनेकांनी लावला. तो अनाठायी नव्हता. पहिली तबकडी जुन्या ईगल्सच्या अगदी जवळची आहे: तेच मिळून गाणे, तीच सुबक गिटार. दुसरी जड, काळोखी, मधूनमधून उपदेशाकडे झुकणारी. चौघांचे कंठ मात्र साठीतही एकमेकांत असे मिसळतात की, यांच्यात वीस-पंचवीस वर्षे कज्जेदलाली चालली होती हे खरे वाटू नये. ज्या श्रोत्यांनी ही ध्वनिमुद्रिका मनापासून उचलली, त्यांनी मुख्यतः या मिसळलेल्या आवाजालाच दाद दिली.

याचा पुरावा रेडिओवर सापडतो. ध्वनिमुद्रिकेतून सर्वप्रथम पुढे केलेले गाणे होते ‘हाउ लाँग’. ते चटकन लोकांच्या तोंडी बसले, कंट्री गाण्यांच्या यादीत पहिल्या पंचविसांत गेले आणि २००८ मध्ये त्याला कंट्री विभागातील ग्रॅमी पारितोषिकही मिळाले. पण हे गाणे नवे नव्हतेच! ते या मंडळींचा जुना स्नेही जे. डी. साउदर याचे, त्याने ते १९७२ च्या आपल्या ध्वनिमुद्रिकेत गायिले होते आणि ईगल्सही त्या सुमारास ते कार्यक्रमांतून गात. म्हणजे पस्तीस वर्षांनंतरच्या नव्या ध्वनिमुद्रिकेतील जे गाणे सर्वांत आधी उचलले गेले, ते पस्तीस वर्षांपूर्वीचे होते. ज्या शीर्षकगीतात या वृंदाने काही नवे आणि कडवट सांगायचा प्रयत्न केला, त्याला समीक्षकांकडून मान मिळाला. रेडिओने ते बाजूला ठेवले. दहा मिनिटांचे गाणे रेडिओला परवडत नाही हे खरेच, पण युद्ध चालू असताना युद्धाविषयी ऐकण्याची अनिच्छाही त्यात होती, असे मानायला हरकत नाही. २००९ मध्ये या ध्वनिमुद्रिकेला जे दुसरे ग्रॅमी मिळाले, ते युद्ध नसलेल्या जगाचे स्वप्न नावात वाहणाऱ्या रचनेला, आणि ती शब्दांवाचून केवळ वाजवलेली होती.

कंट्री संगीताच्या जगाने दाखवलेला हा जिव्हाळा मात्र स्वतंत्र विचाराला पात्र आहे. सत्तरीच्या दशकात नॅशव्हिलच्या लेखी ही कॅलिफोर्नियाची लांब केसांची पोरे उपरीच होती. पण त्यांच्या गाण्यांवर वाढलेली पिढीच पुढे नॅशव्हिलमध्ये गायला लागली, आणि नव्वदीच्या दशकातील कंट्री गाणे ऐकताना पुष्कळदा ईगल्सचाच भास होऊ लागला. नोव्हेंबर २००७ मध्ये कंट्री संगीताच्या वार्षिक पुरस्कार समारंभात ते गायले तेव्हा तेथील निम्मे गायक त्यांचे मानसवारसच होते. वृंद बदलला नव्हता. ‘कंट्री’ या शब्दाचा अर्थच त्याच्याकडे सरकत आला होता. या ध्वनिमुद्रिकेच्या स्वागतात निव्वळ गतकाळाची ओढ होती असे म्हणणाऱ्यांनी एवढा भाग विसरू नये.

शेर्विन रोझेन या अर्थशास्त्रज्ञाने १९८१ मध्ये तारकांच्या मिळकतीची मीमांसा केली होती. एका आवाजाच्या लक्षावधी प्रती जवळजवळ फुकटात निघू लागल्या की गुणांतील थोडा फरकही मिळकतीत प्रचंड तफावत निर्माण करतो, असा तिचा मथितार्थ. ईगल्सच्या सौद्याने तिला एक पुरवणी जोडली. वॉल-मार्टशी बरोबरीच्या नात्याने बोलण्याची त्यांची ऐपत २००७ सालच्या गुणांतून आलेली नव्हती. ती सत्तरीच्या दशकात साठलेल्या कीर्तीच्या भांडवलातून आलेली होती, आणि ते भांडवल उभारण्यात ज्यांना आता वगळले गेले त्याच रेकॉर्ड कंपन्यांचा पैसा, जाहिरात आणि वितरण खर्ची पडलेले होते. अडत्याने लुबाडले हे खरे. अडत्यानेच बाजारात नाव केले हेही खरे. नव्या गायकाला यातून काय मिळाले? त्याच्याकडे विकायला असे नाव नव्हते, आणि त्याला पहिली उचल देणारा तर आता खंगत चाललेला. पुढील वर्षी वॉल-मार्टने असाच एकाधिकार ‘एसी/डीसी’च्या ध्वनिमुद्रिकेसाठी मिळवला, पहिल्या आठवड्यात ७ लाख ८४ हजार प्रती गेल्या. त्यांचेही नाव सत्तरीच्या दशकातच घडलेले. ‘गन्स अँड रोझेस’ने दुसऱ्या एका दुकानमालिकेशी तसाच सौदा केला, तो मात्र तिसऱ्या क्रमांकावर अडखळला. तोवर आयट्यून्सने २००८ मध्येच वॉल-मार्टला मागे टाकून अमेरिकेतील सर्वांत मोठ्या संगीतविक्रेत्याची जागा घेतली होती. ज्या फळीसाठी एवढा खटाटोप झाला तिच्यावरच्या तबकड्या पुढे वर्षागणिक कमी होत गेल्या.

दौरे चालू राहिले. २००८ ते २०११ चा दौरा नव्या ध्वनिमुद्रिकेच्या नावाने निघाला. २०१३ ते २०१५ चा वृंदाच्या इतिहासाच्या नावाने, आणि त्याची सगळी मांडणीच सत्तरीच्या दशकाभोवती होती. १८ जानेवारी २०१६ रोजी ग्लेन फ्रे यांचे निधन झाले. ‘लाँग रोड आउट ऑफ ईडन’च्या शेवटच्या गाण्यात त्यांनी पुढच्या पिढीच्या हाती जग सोपवल्याची भावना गायिली होती; तेव्हा फारसे कोणाच्या लक्षात न आलेले ते गाणे त्यानंतर अनेकांनी पुन्हा काढून ऐकले. त्यांच्या जागी २०१७ पासून त्यांचा मुलगा डीकन आणि नॅशव्हिलचा मान्यवर गायक व्हिन्स गिल उभे राहिले. गिल हा १९९३ च्या त्या ‘कॉमन थ्रेड’मधील एक गायक. २०२४ च्या सप्टेंबरात लास व्हेगास येथील ‘स्फिअर’ या अजस्र गोलाकार प्रेक्षागृहात या संचाचे प्रयोग सुरू झाले, तेव्हा लोक दूरदूरहून आले ते ‘हॉटेल कॅलिफोर्निया’ ऐकायला.

त्याआधी, ऑगस्ट २०१८ मध्ये, मोजपट्टीचा प्रश्न आणखी एकदा निघाला होता. अमेरिकेतील रेकॉर्ड उद्योगाच्या संघटनेने इंटरनेटवरील श्रवणाची भर घालून नव्याने गणना केली, तेव्हा १९७६ चा तो निवडक गाण्यांचा संग्रह मायकेल जॅक्सनच्या ‘थ्रिलर’ला मागे टाकून ३ कोटी ८० लाखांच्या मानांकनासह पहिल्या स्थानी गेला. ‘हॉटेल कॅलिफोर्निया’ २ कोटी ६० लाखांवर, तिसऱ्या स्थानी.